दुपट्यातले वाळे

१

माउलीला माती देऊन सोळा दिवस झाले होते, तेव्हा त्याची आजी बजाबाई माझ्या दारात येऊन बसली.

पोर सात महिन्यांचं होतं. जुलाबानं अंगातलं पाणी गेलं आणि दगावलं, असं दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं. टेंभुर्णीजवळच्या त्यांच्या वस्तीवर मात्र लोक वेगळंच बोलत होते. आईनं सोलापुरात चोरी केली आणि देवानं हातोहात शिक्षा दिली.

मी विजयमाला. एकतीस वर्षं पोलिसात काढली आणि दोन वर्षांपूर्वी हवालदार म्हणून निवृत्त झाले. बजाबाई माझ्या माहेरच्या गावची. लहानपणी आम्ही दोघी मेंढरांमागं एकत्र हिंडलेल्या, म्हणून ती मला अजून इजा म्हणते.

पाणी दिलं ते तिनं बाजूला ठेवलं. कमरेच्या पिशवीतून मोबाईल काढून माझ्यापुढं धरला.

फोटोत तिची सून रेश्मा भिंतीला टेकून उभी होती. कडेवर माउली, मान टाकलेला. रेश्माच्या हातात चांदीचे वाळे दिले होते आणि ते छातीपाशी धरायला लावले होते. खाली लिहिलं होतं, ‘सावधान! लहान मूल घेऊन दुकानात चोरी करणारी महिला.’

“ह्यो फोटू ब्यापाऱ्यांच्या मोबाईलवरनं फिरत फिरत इंद्रजीतकडं आला,” बजाबाई म्हणाली. इंद्रजीत तिचा मुलगा, ट्रकवर ड्रायव्हर. “पोराला माती दिली आन् त्येनं तिला तसंच केमला म्हायेरी नेऊन सोडलं. येक शबूद बोलला न्हाय तिच्यासंगं.”

“आणि तू, बजाक्का?”

तिनं मोबाईल परत पिशवीत ठेवला आणि म्हणाली, “तिनं लिवून दिलंय, इजा. मी चोरी केली म्हणून. सोताच्या हातानं. दुकानवाले म्हणत्यात, तक्रार केली तर त्यो कागुद पोलिसात दिऊ. मला बाकी काय नगं. मला येवडंच सांग, माजी सून चोर हाय का न्हाय?”

“आणि निघाली तर?”

“तर आमी गप बसू.”

“आणि नाही निघाली तर?”

बजाबाईनं तोंडाला पदर लावला.

२

केमला मी दुसऱ्या दिवशीच गेले. रेश्मा घराच्या पडवीत भिंतीकडं तोंड करून बसली होती. वय असेल तेवीस. माझ्याकडं वळली तेव्हा दिसलं, तिच्या चोळीवर दोन्ही बाजूंना ओले डाग होते. दूध अजून आटलं नव्हतं.

तिनं सांगितलं ते असं.

शनिवारी ती एकटीच माउलीला घेऊन सोलापूरला सरकारी दवाखान्यात आली. दोन दिवस जुलाब चालू होते. डॉक्टरांनी क्षाराची पाकिटं दिली, बाटलीत पाणी कालवून दिलं आणि सांगितलं, दर पाच मिनिटांनी दोन चमचे पाजत राहा, खंड पाडू नका, पोर वाचेल. बसला वेळ होता. माउलीचे सगळे लंगोट खराब झालेले. म्हणून एकच्या सुमारास ती नवी पेठेतल्या ‘मायाळू’ नावाच्या दुकानात शिरली. लहान मुलांचे कपडे, खेळणी आणि बारशाची चांदी विकणारं ते मोठं दुकान. दारातच पिशवी ठेवून घेतली आणि बिल्ला दिला. बाटली त्याच पिशवीत.

“दोन लंगुट आन् येक झबलं घेतलं. पैशे दिलं. दारात आले तर वाचमन म्हणला, थांब, वर चल.”

वरच्या मजल्यावर पत्र्याची खोली होती, माल ठेवायची. मे महिना. एका पोरीनं रेश्माची झडती घेतली. माउलीचा लंगोटही सोडला. काही सापडलं नाही. मग त्याच्या अंगाभोवतीचं दुपटं काढून त्या पोरीनं दाराबाहेर दिलं.

“दुपटं कसलं हुतं?”

“साधं, सुती. पार भिजल्यालं. त्येला दोनदा झालं हुतं त्यात. पिळलं असतं तर पाणी निगालं असतं.” ती थांबली. “मग मालकीणबाई आत आली. दुपटं दोन बोटात धरल्यालं. सगळ्यांच्या म्होरं झाडलं. त्यातनं वाळं पडलं. खण्णकन आवाज आला बगा, मावशी. माझ्या डोळ्यांम्होरं पडलं. मलाच कळंना, हे कुटनं आलं.”

“मग?”

“सगळी म्हणली, लिवून दे. मी न्हाय म्हणलं. मी म्हणलं, माजी बाटली द्या, पोराला पाजायचंय. तर म्हणली, पिशवी पुरावा हाय, हात लावायचा न्हाय. मी अंगावर घेतलं त्येला, पर त्यो वढतच नव्हता. मग म्हणली, पोलिसात दिलं तर पोरगं संस्थेत जाईल, तुला परत दिसायचं न्हाय.” तिचा आवाज सपाट होता. “लई येळ मी न्हाय न्हाय म्हणत हुते. मग माउलीनं डोळं वर केलं. मग मी म्हणलं, आणा कागुद. दुकानातला म्यानिजर मोबाईलमदी बगून सांगत हुता, आन् मी लिवत हुते. काय म्हणंल ते लिवलं.”

साडेचारला तिला सोडलं. ती रिक्षानं दवाखान्यात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी माउली गेला.

मी विचारलं, “त्या दुकानात याआधी कधी गेली होतीस?”

“कवाच न्हाय. बाळंत झाल्यापासनं सोलापूरलाच पयल्यांदा गेले हुते.”

मला तिचं खरं वाटलं. पण पोलिसात असताना कितीतरी खोट्या बायकाही मला खऱ्या वाटल्या होत्या.

३

‘मायाळू’चे मालक वीरभद्रप्पा, सत्तरीचे, कपाळाला विभूतीचे पट्टे. मी निवृत्त हवालदार आहे आणि मुलाच्या घरच्यांच्या वतीनं आलेय, एवढंच सांगितलं. त्यांना वाटलं मी मिटवायला आलेय. चहा मागवला.

“बाळाचं वाईट झालं हो. पण आमचा काय दोष? आजारी बाळ घेऊन चोरी करायला कुणी सांगितलं? मी तर त्या दिवशी इथं नव्हतोच. कलबुर्गीला लग्न होतं. सगळं सूनबाईनं सांभाळलं.”

त्यांची सून प्रियदर्शनी दुकान बघायची. मुलगा पुण्याला असायचा, महिन्यातून एकदा यायचा. प्रियदर्शनी काउंटरमागं उभी होती. पस्तिशीची, नीटनेटकी. तिनं मला नमस्कार केला आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडं वळली.

वीरभद्रप्पांनी कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत ते वाळे होते, जसे सापडले तसे. दोन्हींना दोऱ्यानं एक कागदी चिठ्ठी बांधलेली. तिच्यावर निळ्या शाईत वजन आणि नंबर. चिठ्ठी कोरीकरकरीत होती, अक्षर मोत्यासारखं.

“आणि हे तिचं पत्र.”

मी पत्र वाचलं. ओळी वाकड्या, अक्षर थरथरतं. ‘मी आज वाळे चोरले. या आधी पन तीन महिन्यात चांदीची वाटी एक, चमचे दोन, वाळे चार जोड, उडदार एक चोरले. मला माफ करावे.’ खाली सही.

“तीन महिन्यांपासून माल कमी होतोय, असं मला वाटत होतं,” वीरभद्रप्पा म्हणाले. “नक्की काय गेलं ते ठाऊक नव्हतं. रविवारी मोजायचं आणि सोमवारी पोलिसात जायचं, असं मी आठवडाभर आधी सगळ्यांना सांगितलेलं. शनिवारी ही बाई सापडली. कलबुर्गीहून आलो आणि रविवारी दुकान बंद ठेवून मी एकट्यानं सगळी चांदी मोजली.” ते पुढं झुकले. “आणि काय सांगू तुम्हाला! पत्रात लिहिलंय बरोबर तेवढंच गेलेलं. एक चमचा कमी नाही, एक जास्त नाही. आता सांगा, चोराशिवाय हे कुणाला माहीत असणार?”

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. त्यांचं बोलणं बिनतोड होतं. मालकाला स्वतःला माहीत नव्हतं ते त्या पत्रात आदल्या दिवशीच लिहिलेलं होतं. आणि पत्र रेश्माच्या हातचं होतं.

४

मी उठले, पण जिन्याशी येऊन थांबले. दारात वॉचमन शहाजी बसला होता. श्रीपूरकडचा, पन्नाशीचा.

“तुम्हीच अडवलं तिला?”

“व्हय. वहिनीसायबांचा वरनं फोन आला, ती लेकरूवाली बाई सोडू नगंस म्हणून. आपुन काय, हुकमाचं ताबेदार.”

“तुम्ही स्वतः काही पाहिलं होतं?”

“न्हाय बा. पर लई घाण वास येत हुता. जिन्यावर ठिपकं पडलं हुतं तिच्या दुपट्यातनं. मीच फडकं मारलं मागनं.”

जिन्यावर ठिपके पडत होते. पिळलं असतं तर पाणी निघालं असतं, असं रेश्माही म्हणाली होती.

मी परत आत गेले. काउंटरवर बिनकामाची एक जुनी चिठ्ठी पडली होती, तशीच निळ्या शाईची. बोट ओलं करून तिच्यावर फिरवलं. आकडे पसरले, कागदाचा लगदा झाला.

म्हणजे पिशवीतली ती करकरीत चिठ्ठी त्या दुपट्यात अर्धा तास काय, पाच मिनिटंही राहिलेली नव्हती. रेश्मानं वाळे चोरून दुपट्यात लपवले असते, तर चिठ्ठीवर एक अक्षर शिल्लक राहिलं नसतं. वाळे दुपट्यात ठेवले गेले ते दुपटं बाळाच्या अंगावरून निघाल्यावर आणि लगेच दुपटं झाडलं गेलं.

रेश्मा चोर नव्हती. पण मग ती यादी?

यादी तिची नव्हतीच. ती नुसती लिहीत होती, सांगत दुसराच होता. वीरभद्रप्पांचा प्रश्न मला आता उलटा ऐकू आला. चोराशिवाय हे कुणाला माहीत असणार? ज्यानं ती यादी तयार केली, त्यालाच.

सांगणारा होता मॅनेजर कुमार. साखर पेठेतल्या विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा. मी त्याला कोपऱ्यात गाठलं.

“ओ मॅडम, माझ्यावर कशाला येताय?” तो घाबरलाच. “मला मेसेज आला, तो मी वाचून दाखवला. हे बघा की.”

मेसेज अजून होता. शनिवार, दुपारचे तीन. वाटी १, चमचे २, वाळे ४ जोड, उडदार १.

“कुणाचा नंबर?”

“चांदीच्या काउंटरचा मोबाईल आहे. दुकानाचाच. तिथंच ठेवलेला असतो.”

“चांदीचा काउंटर कोण बघतं?”

त्यानं हनुवटीनं दाखवलं. चांदीपाशी एक किडकिडीत मुलगी उभी होती. सृष्टी. रेश्माची झडती घेतली ती हीच, दुपटं बाहेर दिलं तेही हिनंच.

५

मी सृष्टीला वरच्या खोलीत नेलं. वीरभद्रप्पांनी परवानगी दिली, नव्हे, आनंदानं दिली. प्रियदर्शनीनं स्वतः किल्ली काढून दिली.

पत्र्याखाली भट्टी होती. मी दार लावलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि मी तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसले. ही बसायची पद्धत मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

“काउंटर तुझा, मोबाईल तुझ्यापाशी. दुपटं तुझ्या हातात होतं. बोल.”

“मी काही केलं नाही.”

“असंच सगळ्या म्हणतात. घरी कोण आहे?”

“आई. ती विड्या वळते.”

“तिला इथं बोलावू? तिच्यासमोर बोलशील?”

ती रडायला लागली. मी थांबले नाही. तोच तोच प्रश्न पाच वेळा, दहा वेळा विचारला. तिनं पाणी मागितलं. मी म्हटलं, आधी सांग, मग पाणी. ती एकदम रडायची थांबली. हात पुढं केला.

“कागद द्या.”

“काय?”

“कागद द्या, मॅडम. लिहून देते. तिच्याकडून घेतलं तसं माझ्याकडून घ्या. मग सोडा मला.”

खोलीत पत्रा तापल्याचा कडकड आवाज येत होता. नोकरीत असताना किती बायकांना मी असं भिंतीला उभं केलं होतं, ते मला मोजता आलं नसतं. कडेवर पोरं असलेल्याही होत्या. त्यांचे लंगोट मी सोडून बघितले होते आणि घरी जाऊन जेवले होते.

मी उठून दार उघडलं, खालून पाण्याची बाटली आणून तिला दिली. पण तोवर तिनं बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानावर लिहायला सुरुवात केली होती. कोणत्या वस्तू गेल्या ते रविवारच्या मोजणीनंतर दुकानात सगळ्यांना पाठ झालं होतं. पान तिनं माझ्याकडं सरकवलं.

‘मी चांदीची वाटी एक, चमचे दोन, वाळे चार जोड आणि करदोडा एक...’

मी ती ओळ पुन्हा वाचली.

“सृष्टी, हे काय लिहिलंस? करदोडा?”

“तोच गेलाय ना? बाळाच्या कमरेचा. चांदीचा.”

“मग उडदार?”

तिनं डोळे पुसले. “ते काय असतं?”

६

मी तिला तिथंच बसायला सांगून खाली आले. आधी कुमारला विचारलं.

“उडदार? मला काय माहीत? करदोड्याला आमच्यात मोलताडू म्हणतात. मेसेजमध्ये होतं तसं वाचलं. तिनं पण तसंच लिहिलं.”

शहाजीला विचारलं. त्यानं कानांवर हात ठेवले. “आमच्याकडं करदोडाच म्हणत्यात.”

मग मी वीरभद्रप्पांसमोर बसले. पत्र अजून टेबलावरच होतं. त्या शब्दावर बोट ठेवलं.

“हे काय लिहिलंय, आप्पा?”

“उडदार. करदोडा हो. कन्नडमध्ये आम्ही उडदार म्हणतो.”

“रेश्मा टेंभुर्णीजवळच्या वस्तीवरची. तिला कन्नडचा एक शब्द येत नाही. सृष्टीला येत नाही, कुमारला येत नाही. तुम्हाला हा शब्द खटकला नाही, कारण तो तुमच्या घरातला आहे. ज्यानं ही यादी लिहिली, त्यानं घाईत घरातला शब्द लिहिला. आणि तुम्ही शनिवारी कलबुर्गीला होतात.”

मी पुढं सांगितलं. चिठ्ठी कोरडी होती. म्हणजे वाळे दुपट्यात आयत्या वेळी टाकले. सृष्टीनं दुपटं बाहेर दिलं, ते घेतलं कुणी? तिला अडवा असा फोन केला कुणी? सगळ्यांसमोर दुपटं झाडलं कुणी? अशा घाण दुपट्याला कुणी आपणहून हात लावला नसता आणि मालकीण स्वतः ते दोन बोटांत धरून उभी होती. मी दुकानात आल्यापासून ही गोष्ट माझ्यासमोर होती. पण मालकीण स्वतःच्या दुकानात चोरी कशाला करील, असं म्हणून मी तिच्याकडं बघितलंच नव्हतं. एका कामगार पोरीला मात्र लगेच भिंतीला उभं केलं होतं.

वीरभद्रप्पांनी मान वळवली. प्रियदर्शनी काउंटरमागून हळूहळू आमच्याकडं आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

“मामंजी, शटर ओढायला सांगा,” ती म्हणाली. “गिऱ्हाईक नको आता.”

शटर खाली आलं. ती उभीच राहिली. सासऱ्याकडं न बघता माझ्याशी बोलली.

“आठ वर्षं झाली लग्नाला. या घरात माझ्या नावावर एक चमचा नाही. गल्ल्याची चावी मामंजींकडं, घराची सासूबाईंकडं. माझ्याकडं फक्त या काउंटरची. घेतलं मी. घरातलं घेतलं. घरच्या माणसानं घरातलं घेतलं तर ती चोरी कशी होते?”

“नाही होत?”

“नाही.”

“मग ती रेश्माच्या नावावर का घातलीत?”

तिनं पहिल्यांदाच खाली बघितलं. “सोमवारी मामंजी पोलिसात जाणार होते. पोलीस आले की पहिल्यांदा चाव्या कुणाकडं ते विचारतात. कुणीतरी कबूल झालं असतं तर ते गेले नसते. मला वाटलं, लिहून घेऊ आणि सोडून देऊ. परगावची बाई. तिचं काय बिघडणार होतं?”

“दुकानात त्या वेळी गिऱ्हाइकं बरीच असतील. तीच का?”

ती अगदी हळू म्हणाली, “तिच्याकडं बाळ होतं. बाळ जवळ असलं की बाई लवकर लिहून देते.”

वीरभद्रप्पांच्या तोंडून कन्नडमध्ये काहीतरी निघालं. मला कळलं नाही.

“तीन तास नाही दिलं तिनं,” प्रियदर्शनी म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. “मला काय माहीत ती एवढी अडून बसेल? अर्ध्या तासात लिहिलं असतं तर सगळं...”

“बाटली मागत होती ना ती?”

ती वळून काउंटरमागं जाऊन उभी राहिली.

७

वीरभद्रप्पा माझ्यामागं शटरपर्यंत आले. आपसात मिटवू म्हणाले, हात जोडले, घराण्याचं नाव काढलं. मी पत्र, पिशवी आणि कुमारचा मोबाईल जागेवरच राहील असं बघितलं आणि माझ्या जुन्या पोलीस ठाण्यात फोन लावला.

पुढचं लवकर सांगते, कारण त्यात कौतुकाचं काही नाही. गुन्हा नोंद झाला. कोंडून ठेवणं, खोटा पुरावा उभा करणं, धमकावून लिहून घेणं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं जबाब दिला की मूल तीन तास आधी हाती आलं असतं किंवा मधल्या वेळात क्षाराचं पाणी पोटात गेलं असतं, तर ते बहुधा वाचलं असतं. बहुधा, हा शब्द वकील वर्षानुवर्षं चघळतील. प्रियदर्शनीला महिन्याच्या आत जामीन मिळाला. सृष्टीनं खरी साक्ष दिली आणि त्याच आठवड्यात तिची नोकरी गेली. मी तिच्या घरी जाऊन तिची माफी मागितली. तिच्या आईनं मला बसायला पाट दिला, सृष्टी मात्र आतून बाहेर आली नाही.

गुन्हा नोंदला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बजाबाईला घेऊन केमला गेले होते.

गाडीत मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “इजा, तू त्या दिशी इचारलं हुतंस, तू काय केलंस म्हणून. ती दवाखान्यातनं मेल्यालं पोर घिऊन आली. तवर फोटू आला हुता. मी पोर मांडीवर घेतलं न्हाय. आदी तिची पिशवी उलटी केली. आनी काय चोरलंय का बगाया.”

गाडी केमच्या वेशीत शिरली.

रेश्मा पडवीतच होती. आम्हाला बघून उठली, सासूच्या पाया पडली. मी तिच्यासमोर बसले आणि एकेक गोष्ट सावकाश सांगितली. कोरडी चिठ्ठी, यादी, तो शब्द, कोण, कशासाठी. गुन्हा नोंदल्याचा कागद तिच्या हातात दिला. मला वाटलं होतं ती रडेल. तिनं कागद घडी घालून परत माझ्याकडं दिला.

“मावशी, मी चोर न्हाय हे मला म्हाईत हुतं की. पयल्या दिसापासनं. हे तुमी मला कशापायी सांगताय?”

मी तो कागद माझ्या पिशवीत ठेवला.

“त्यास्नी सांगा,” ती म्हणाली. “ज्यास्नी म्हाईत नव्हतं त्यास्नी.”

बजाबाई पुढं झाली, तिचा हात धरायला बघितला. “चल गं, रेश्मा. घरला चल. मी सगळ्या वस्तीम्होरं सांगते. इंद्रजीतला सांगते.”

रेश्मानं हात सोडवून घेतला. झिडकारला नाही, नुसता सोडवून घेतला.

“त्यास्नी हितं पाठवा, आत्या. मला हितं सोडलं तवा दारातली सगळी मानसं बगत हुती. त्यांच्याच म्होरं यिऊन बोलू द्या. आल्यावर बगू.”

“आन् न्हाय आला तर?”

रेश्मानं माझ्यासाठी आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मग सासूसमोर दुसरा ठेवला.

“पाणी प्या, आत्या,” ती म्हणाली. “उनाचं आलाय.”